कावासाकीसाठी लॅबचं जीन पॅनेल घेतलं: ५ पैकी २ स्टार

मोठ्याला कावासाकी (लहान मुलांना होणारा, रक्तवाहिन्यांना सूज आणणारा तापाचा आजार) झाला होता, आणि जपानच्या आकड्यांनुसार अशा मुलाच्या भावंडाला धोका इतरांपेक्षा साधारण दहापट असतो, म्हणून धाकटीसाठी एका लॅबचं जेनेटिक पॅनेल घेतलं. त्यात 'औषध लागू पडेल का' असा एक भाग आहे, हा रिव्ह्यू त्याचाच.

सर्व्हिसला नावं ठेवायला जागा नाही. माणूस घरी येऊन गालाच्या आतून स्वॅब घेऊन गेला, पोरगी रडली पण नाही, रिपोर्ट सांगितलेल्या दिवशी आला.

पण रिपोर्ट! लाल चौकटीत 'आयव्हीआयजीला कमी प्रतिसाद, हाय रिस्क', बास. आयव्हीआयजी म्हणजे शिरेतून देतात ते अँटिबॉडीजचं औषध, कावासाकीवरचा मुख्य उपचार. आजी तो कागद बघून रडायलाच लागली हो, कारण मोठ्याच्या वेळी हे इंजेक्शनच कामी आलं होतं. किलोला २ ग्रॅम डोस, १२ किलोच्या पोराला २४ ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या पाच बाटल्या, एकेक बाटली हजारोंची. पण उपचार न मिळालेल्या मुलांपैकी पाव मुलांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू शकतात आणि पहिल्या १० दिवसांत हे दिलं तर तो आकडा ४-५ टक्क्यांवर येतो, मग पैशाचा विचार कोण करणार.

आता १० ते २० टक्के मुलांना पहिला डोस पुरत नाही हे खरंय, ताप राहतो किंवा परत येतो. रिपोर्टमध्ये आयटीपीकेसी जीनमधला एक बदल दाखवलाय. हा जीन टी पेशींना (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) आवर घालतो, बदल असला की आवर सैल पडतो आणि सूज भडकते, २००८ मध्ये जपानी संशोधकांनी जपानी आणि अमेरिकन मुलांमध्ये हे दाखवलं. पण हाच बदल कावासाकी कधीच न झालेल्या कितीतरी धडधाकट लोकांमध्येही सापडतो! हे रिपोर्टमध्ये कुठेच नाही. काउन्सेलरला फोनवर विचारलं तर त्यांनी तीच चौकट परत वाचून दाखवली, याचा मला खरंच राग आला.

शेवटी आमच्या पीडियाट्रिशियन मॅडमनी शांतपणे समजावलं. औषध ठरवताना जीन बघत नाहीत, सोडियम, सीआरपी (रक्तातलं सुजेचं माप), प्लेटलेट, लिव्हरचे आकडे, वय, तापाचा कितवा दिवस हे बघतात. आयव्हीआयजी पुरेल की नाही याचा अंदाज देणारा जपानचा कोबायाशी स्कोअर यावरच आहे, आणि तोही जपानबाहेरच्या मुलांना तितका नीट लागू होत नाही. पोरगी रिस्कची वाटली तर आयव्हीआयजीसोबत स्टेरॉइड सुरुवातीलाच देता येतं.

जीनचं संशोधन वाया गेलंय असं मात्र अजिबात नाही. त्याच धाग्यावरून सायक्लोस्पोरिन (टी पेशींना आवर घालणारं औषध) देऊन बघायची कल्पना निघाली, २०१९ च्या जपानी ट्रायलमध्ये ते जोडल्यावर रक्तवाहिन्यांचा त्रास ३१ वरून १४ टक्क्यांवर आला. पण त्या ट्रायलमधली मुलंही स्कोअर बघून निवडली होती, जीन बघून नाही.

तर हे पॅनेल मी कोणाला सुचवणार नाही. घरात कावासाकी होऊन गेला असेल आणि धाकट्याला पाच दिवस ताप, डोळे लाल, ओठ फुटलेले, अंगावर पुरळ असं काही दिसलं तर तडक डॉक्टरकडे जा, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, पैसे त्यासाठी ठेवा. आणि लॅबवाल्यांनो, ती लाल चौकट काढा, त्याजागी अभ्यास कुठल्या देशातल्या किती मुलांवर झाला ते छापा.