न मळलेला अंगरखा: चार युद्धपटांबद्दल

पडद्यावर लढाई सुरू झाली की माझी नजर आधी कापडावर जाते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात ३१ वर्षं रंगखात्यात काढली. त्यामुळे अंगरखा दिसला की सूत कुठलं, रंग कुठला, किती धुण्यांतून गेलाय, हे आपोआप बघितलं जातं. यंदा मे महिन्यात सोलापूरचं ऊन असं तापलं की अकरानंतर बाहेर पाय टाकायची सोय नव्हती. नववीतला नातू पुण्याहून सुट्टीला आला होता. खिडक्यांना ओल्या चादरी लावून आम्ही दोघांनी आठवडाभरात चार सिनेमे बघितले: पानिपत, पावनखिंड, तान्हाजी आणि छावा. प्रत्येकाच्या शेवटी त्याचा एकच प्रश्न, "आजोबा, हे खरंच असं झालं होतं का?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

पानिपतवर सगळ्यात जास्त बोलायचंय. आशुतोष गोवारीकरांचा २०१९ चा, जवळजवळ तीन तासांचा सिनेमा. मोहिमेचा क्रम त्यांनी बराचसा नीट धरलाय. उदगीर, मग दिल्ली, कुंजपुरा आणि पानिपत. भाऊसाहेबांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी झालेले नवाब शाह मला सगळ्यांत भावले. बोलणं मोजकं, नजर पक्की.

पण मुख्य पात्रांची निवड मला खटकली. पानिपतावर सदाशिवराव भाऊ ३० वर्षांचे होते आणि अब्दालीसुद्धा जेमतेम चाळिशीचा होता. दोन तरुण सेनापतींची गाठ होती ती. सिनेमात अब्दाली झालेत साठीचे संजय दत्त. दरारा आहे त्यांचा, पण बघणाऱ्याच्या डोक्यात म्हातारा क्रूर सुलतान आणि तरणाबांड मराठा असं चित्र बसतं आणि गोष्टच बदलते. आपल्या बरोबरीच्या वयाच्या, रसदीचं गणित पक्कं असलेल्या माणसानं आपल्याला हरवलं, हे जास्त टोचतं, आणि मुलांना तेच दिसायला हवं. अर्जुन कपूर यांनी मेहनत घेतली आहे, घोड्यावर शोभतात. पण भाऊसाहेब मुळात कारभाराचे, हिशेबाचे माणूस. तो हिशेबीपणा चेहऱ्यावर कुठे उतरत नाही.

लांबीची तक्रार बरेच जण करतात. मला तीन तास कमी पडले, कारण ते भलत्या जागी खर्च झाले. १७६० चा नोव्हेंबर लागल्यापासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत दोन्ही फौजा समोरासमोर अडून बसल्या होत्या. दिल्लीची वाट तुटली. रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायका-पोरं आणि यात्रेकरू. उत्तरेतली थंडी आणि अंगावर दख्खनचं सुती कापड. जनावरं चाऱ्यावाचून मरायला लागली, तेव्हा उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून लोक बाहेर पडले. माझ्या लेखी खरं पानिपत त्या अडीच महिन्यांत झालं. सिनेमात हे येतं, पण थोडक्यात उरकतं. गाण्यांना आणि वाड्यातल्या प्रसंगांना पुष्कळ सवड मिळाली आहे.

आणि तो अंगरखा! अडीच महिने एकाच तळावर काढलेल्या माणसाचा अंगरखा गळ्याशी तेलकट होतो, काखेत घामाचं मीठ पांढरं उमटतं, नीळ कोपरावर आणि घडीवर आधी उडते. त्या काळी रंग म्हणजे नीळ, मंजिष्ठा, आल, हळद, हरडा. कारखान्यातले रासायनिक रंग आले ते १८५६ नंतर. वनस्पतीच्या रंगात एका हौदाची छटा दुसऱ्या हौदाशी तंतोतंत जुळत नाही, मग शेकडो फेटे एकसारखे कसे निघतील? पन्ह्याचंही, म्हणजे कापडाच्या रुंदीचंही तसंच. धोटा हातानं फेकायचा, म्हणजे कापडाचा पन्हा विणकराच्या हाताच्या आवाक्याएवढा. म्हणून अंगरख्याला कळ्या जोडत, शिवणी दिसत. पडद्यावर शेवटच्या लढाईतही कापड नुकतंच इस्त्री करून आणल्यासारखं दिसतं. एवढं कोण बघतं असं वाटेल. नातवाला एकदा दाखवलं, आता तो माझ्या आधी बोट दाखवतो.

याच्या उलट पावनखिंड. दिग्पाल लांजेकरांचा, २०२२ चा. जुलै १६६० ची रात्र, पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंतचा चिखल, आणि माणसं खरोखर भिजलेली. भिजलेलं सुती कापड किती जड होतं ते मी रोज उचललंय, त्यामुळे ती चाल बघताना माझेच खांदे भरून आले. अजय पुरकरांचे बाजीप्रभू अंगानं आणि आवाजानं त्या मातीतले वाटतात. बांदलांच्या मावळ्यांना त्यांचा मान मिळालाय, हे फार बरं झालं. खिंडीतली संथ गतीची दृश्यं आणि कानठळ्या बसवणारं संगीत वीस मिनिटांनी कमी केलं असतं, तर वार आणखी लागले असते. तरी चौघांत माझा पहिला नंबर याचाच.

तान्हाजी सव्वादोन तासांत आटोपतो, त्यामुळे नातवाला तोच सगळ्यात आवडला. शरद केळकरांचे महाराज शांत आणि भारदस्त आहेत. मात्र ती अजस्र नागिन तोफ सिनेमावाल्यांची. १६७० च्या त्या रात्री दोर, कडा आणि मूठभर माणसं एवढंच पुरेसं थरारक होतं.

जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर पोराला अक्कलकोटच्या राजघराण्याचं शस्त्रागार दाखवून आणलं. एका तलवारीपाशी तो बराच वेळ थांबला. मूठ इतकी आखूड की चार बोटं जेमतेम मावतील, आणि पात्याच्या धारेला बारीक खाचा. त्याला म्हटलं, "धार जपायची तर वार ढालीवर घ्यायचा. सिनेमात तलवारीवर तलवार आपटतात ना, तसं सारखं केलं तर पातं टिकायचं नाही." घरी येऊन त्यानं तान्हाजीतली झुंज पुन्हा लावली आणि ढाल किती वेळा वापरली ते मोजत बसला.

छावा मात्र आम्हाला घरचा वाटतो. संभाजी महाराज पकडले गेल्याची बातमी औरंगजेबाला मिळाली ती अकलूजच्या छावणीत, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. विकी कौशल आणि महाराजांचं वय जवळपास जुळतं, आणि त्यांनी जीव ओतलाय. पण निवडीत बाजी मारली अक्षय खन्नांनी. सत्तरीचा बादशहा, कमी बोलणारा, हातात विणकाम घेऊन बसलेला. ते हात मला खरे वाटले. शेवटचा अर्धा तास छळाचा आहे, तो बघवत नाही. नातू उठून पाणी प्यायला गेला तो परत यायला तयार नव्हता. त्या हालांची निम्मी दृश्यं पुरली असती आणि उरलेल्या वेळात पुढचं थोडं सांगता आलं असतं. १६८९ नंतर १८ वर्षं हा बादशहा दख्खनमध्येच झुंजत राहिला, त्यातली चार वर्षं माचणूरजवळ ब्रह्मपुरीला भीमेच्या काठी तळ देऊन, आणि दिल्लीला न जाता इथेच दख्खनमध्ये मेला. माचणूरच्या घाटावर आम्ही लहानपणापासून जातो, पण हे सांगणारा सिनेमा मी अजून बघितलेला नाही.

नातू आता सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येणार आहे. १४ जानेवारीला होम मैदानावरून फिरून आल्यावर पानिपतचा शेवटचा तास पुन्हा लावायचा, असं आमचं ठरलंय.