दुबईच्या हॉटेलात नोकरीच्या नावाखाली १,६९,४५० रुपये गेले, जायच्या तयारीत असाल तर वाचा

मी अडाणी नाही हे आधीच सांगून टाकतो. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा आहे, महाबळेश्वरला एका रिसॉर्टमध्ये सर्व्हिसला होतो, पगार १६,५००, सीझनला टिप्स बऱ्या, पावसाळा लागला की मालक म्हणणार निम्म्या स्टाफने घरी बसा. अशा माणसाला कोणी दुबईत ४,५०० दिरहॅम देतो म्हटलं तर तो ऐकून घेणारच ना. "शिकलेली पोरं फसतातच कशी" असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी आधी पूर्ण वाचा.

प्रकार तुम्हाला माहितीये तोच, फेसबुकवर जाहिरात, व्हॉट्सॲपवर ऑफर लेटर आणि मग टप्प्याटप्प्याने पैसे. वेगळं एवढंच की या एजंटने सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या होत्या आणि मी त्या तपासल्याही होत्या.

वाशीला ऑफिस, एसी, काचेची केबिन, भिंतीवर बुर्ज अल अरबचा मोठा फोटो. स्वतः कराडकडचा म्हणाला, "आपल्या भागातली पोरं पुढं गेली पाहिजेत भाऊ." लॅपटॉपवर स्लाईड दाखवल्या. २०२४ मध्ये दुबईत १ कोटी ८७ लाख परदेशी पाहुणे मुक्कामाला आले, शहरात हॉटेलच्या दीड लाखाच्या वर खोल्या आहेत, एक्स्पो संपला की हॉटेलं ओस पडणार असं लोक म्हणत होते पण झालं उलटंच. मी घरी येऊन एकेक आकडा शोधला, सगळे बरोबर, तिथल्या सरकारी टुरिझम खात्याचेच. आकडे खरे निघाले म्हणून तोही खरा वाटला, आता कोणाला नसता वाटला सांगा.

मग त्याने प्री-ओपनिंग बॅच हा शब्द काढला. आमच्या लाईनमधल्या माणसाला हे लगेच पटतं, कारण नवीन हॉटेल सुरू व्हायच्या आधी किचन, हाऊसकीपिंग, फ्रंट ऑफिस सगळीकडे माणसं एकदमच भरतात, त्यांचं ट्रेनिंग होतं, मग सॉफ्ट ओपनिंग. त्यामुळे ६० जागा एकदम कशा, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडेल, मला पडला नाही. इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर झाला, बाईंनी सिक्वेन्स ऑफ सर्व्हिस विचारला, गेस्टने डिश परत पाठवली तर काय करशील विचारलं, आ ला कार्ट आणि बुफेमध्ये केओटीचा, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीचा, फरक विचारला. खोटा इंटरव्ह्यू घेणारे एवढी तयारी करून बसतात हे मला काय स्वप्न पडणार होतं?

आता पैसे. रजिस्ट्रेशन २,३६०, त्यात १८ टक्के जीएसटी लावलेला, पावतीसकट. सर्टिफिकेट अटेस्टेशन १८,५००. व्हिसा आणि लेबर कार्ड ६५,०००. इन्शुरन्स आणि "ओके टू बोर्ड" (विमानात बसू द्यायला एअरलाईनची मंजुरी) ४,८००. तिकीट २४,१४०. इथपर्यंत १,१४,८००, त्यातले सत्तर हजार आईचं गंठण पतसंस्थेत ठेवून काढलेले. पहिली रक्कम कंपनीच्या नावाच्या क्यूआरवर गेली, बाकी सगळी एका बाईच्या बचत खात्यात. विचारलं तर म्हणाला अकाउंट्सच्या मॅडम आहेत, कंपनीच्या खात्याची लिमिट संपलीय. हे वाचून हसू येतंय ना, मला पण येतं आता. पर्सनल खात्यात पैसे मागितले की उठून बाहेर पडा, चहासुद्धा पिऊ नका.

परदेशी भरतीचा लायसन्स नंबर जाहिरातीत छापलेला होता. नंबर खोटा नव्हता, दुसऱ्याच एजन्सीचा होता. ई-मायग्रेट या सरकारी वेबसाईटवर रजिस्टर्ड एजंटांची यादी असते, तिथे नंबर टाकल्यावर कोणतं नाव आणि कोणता पत्ता येतो ते बघायचं असतं, नुसता नंबर आहे यावर समाधान मानायचं नसतं. मी ई-मायग्रेटचं विचारलं होतं बरं का. तो म्हणाला, "भाऊ तुमचा पासपोर्ट ईसीएनआर आहे, तुम्हाला त्याची गरजच नाही." अर्धं खरं! दहावी पास माणसाचा पासपोर्ट ईसीएनआर असतो, त्याला नोकरीसाठी देशाबाहेर जायला सरकारचा एमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही हे बरोबर, पण म्हणून एजंटला लायसन्स लागत नाही असं थोडंच आहे. १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टप्रमाणे रजिस्ट्रेशन नसताना परदेशी नोकरीसाठी माणसं भरणं हाच गुन्हा आहे. आणि लायसन्स असलेल्या एजंटलाही ३०,००० अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४०० च्या वर सर्व्हिस चार्ज घेता येत नाही. तिकडच्या कायद्यात तर भरतीचा खर्च मालकानेच करायचा, कामगाराकडून घ्यायचाच नाही असं स्पष्ट आहे. हे मला परत आल्यावर कळलं, आधी सांगणारा कोणी भेटला नाही.

ज्या क्षणाचा सगळ्यात जास्त राग येतो तो मुंबई एअरपोर्टचा. त्याचा माणूस गेटबाहेर एक फाईल देऊन गेला. आत परतीचं तिकीट, दुबईतल्या एका हॉटेलचं पाच रात्रींचं बुकिंग आणि व्हिसा. व्हिसाच्या कागदावर वरतीच लिहिलेलं, टुरिझम, सिंगल एंट्री, ६० दिवस. मी विचारलं हे काय, तर म्हणाला, "तिथं गेल्यावर स्टेटस चेंज होतो, म्हणजे टुरिस्टचा नोकरीचा व्हिसा होतो, सगळे असंच जातात. इमिग्रेशनला विचारलं तर फिरायला चाललोय म्हणायचं, नोकरीचं ऑफर लेटर बाहेर काढायचं नाही." विचार करा, हॉटेलात नोकरी करायला निघालेला माणूस आणि त्याच्या हातात हॉटेलचं बुकिंग, गेस्ट म्हणून! तिथेच मागे फिरायला पाहिजे होतं. माझ्यासारख्या माणसाला, ज्याने रोज रिसेप्शनवर बुकिंगचे कागद बघितलेत, त्याला हे दिसत नव्हतं असं नाही. पण सव्वा लाखाच्या आसपास पैसे गेलेले, गावात पेढे वाटून झालेले, आई-वडील बाहेर काचेपलीकडे उभे. आणि व्हिजिटवर जाऊन तिथे नोकरी शोधणारे, मग स्टेटस बदलून घेणारे हजारो लोक खरंच असतात, त्यामुळे तो बोलला ते पूर्ण खोटंही नव्हतं. ऑफिसरने विचारलं, मी म्हटलं फिरायला. ते वाक्य मी माझ्या तोंडाने बोललो आणि पुढे पोलीस स्टेशनला तेच माझ्या अंगावर आलं.

नोकरीच्या एंट्री परमिटवर तुमचा हुद्दा आणि तुम्हाला बोलावणाऱ्या कंपनीचं नाव असतं. माझ्या कागदावर एका ट्रॅव्हल कंपनीचं नाव होतं. एवढं एक बघा, बाकी काही कळलं नाही तरी चालेल.

दुबईतलं थोडक्यात सांगतो. देरा या भागात एका खोलीत बंक बेड, आठ जण, सगळे असेच आलेले. "पीआरओ" (तिकडे कंपनीची सरकारी कागदपत्रं करणारा माणूस) म्हणवणाऱ्याने पासपोर्ट घेतला आणि एमिरेट्स आयडीसाठी, म्हणजे तिथल्या ओळखपत्रासाठी, १,५०० दिरहॅम कॅश घेतले, ३४,८०० रुपये झाले, ते वडिलांनी उसाच्या बिलातून पाठवले. मग हॉटेलचं ओपनिंग पुढं गेलं, तोपर्यंत एका अपार्टमेंट हॉटेलात रूम क्लीनिंग करा, १,२०० दिरहॅम मिळतील. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे, पकडले गेलात तर तुम्हीच अडकता. मी मेट्रो पकडून थेट शेख झायेद रोडवर, ऑफर लेटरवर नाव होतं त्या हॉटेलात गेलो. हॉटेल व्यवस्थित चालू! कसलं प्री-ओपनिंग, लॉबीत टूर ग्रुप चेक-इन करत होता. एचआरच्या फिलिपिनो बाईंनी लेटर बघितलं, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं की हे आमचं नाही, खरं ऑफर लेटर तिथल्या कामगार मंत्रालयाच्या सिस्टीममधून निघतं आणि त्यांच्या वेबसाईटवर तपासता येतं, आमच्या जागा आमच्या करिअर पेजवर असतात आणि आम्ही पैसे घेत नाही. अगदी सरावल्यासारखं बोलल्या. माझ्यासारखे बरेच येत असणार.

पासपोर्टसाठी खोलीतल्या रत्नागिरीच्या एका भाऊंनी अक्कल दिली, इथे दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवून घेणं चालत नाही, दुबई पोलिसांच्या ९०१ ला फोन लावतो एवढंच बोल. बोललो. संध्याकाळी पासपोर्ट हातात. परतीचं तिकीट मात्र डमी निघालं, बुकिंग कधीच रद्द केलेलं, म्हणून १९,८५० चं नवीन काढलं. एकूण १,६९,४५०.

आता इकडचं ऐका, कारण एजंट चोर होता हे समजू शकतो, पण पोलीस आणि सरकारी ऑफिसवाले आपल्याच पैशातून पगार घेतात.

आमच्या पोलीस स्टेशनला म्हणाले पैसे वाशीला दिले ना, मग वाशीला जा. तिकडे गेलो तर म्हणाले खातं तुमचं सातारा जिल्ह्यातलं, ट्रान्सफर तिथून झाली, तिकडेच द्या. मी म्हटलं साहेब, नवीन कायद्यात झिरो एफआयआर कुठेही घेता येते ना, तर हवालदार म्हणाले, "वकील आहात का?" मग एका साहेबांनी फाईल चाळली आणि विचारलं, व्हिसा मिळाला? मिळाला. तिकीट मिळालं? मिळालं. दुबईला जाऊन आलात? आलो. मग फसवणूक कसली? वर म्हणे इमिग्रेशनला तुम्ही स्वतः फिरायला चाललो सांगितलंय, मग फिरून आलात. शेजारचा रायटर, म्हणजे लिहून घेणारा पोलीस, हसला. त्या हसण्याला काय कलम लागतं ते सांगा मला. शेवटी साधा अर्ज घेतला, पोच म्हणून झेरॉक्सवर शिक्का, त्यावर तारीखसुद्धा नीट उमटली नव्हती, आणि सांगितलं हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. पावत्या, चॅट, क्यूआरचा स्क्रीनशॉट, कॉल रेकॉर्डिंग, सगळं पेन ड्राईव्हमध्ये नेलं होतं, तो परत दिला कारण म्हणे त्यांच्या कॉम्प्युटरला लावायची परवानगी नाही. प्रिंट आणा. प्रिंट नेल्या तर कलर आणा.

बँकेत म्हणाले तुम्हीच ओटीपी टाकून पाठवलेत, आम्ही काय करणार, त्या खात्याची माहिती पोलिसांनी मागितली तर देऊ. पोलीस म्हणतात बँकेकडून माहिती आणा.

आणि यावर कळस म्हणजे परदेशी नोकरीच्या तक्रारी बघणाऱ्या एका सरकारी ऑफिसात मिळालेलं उत्तर. तो एजंट आमच्याकडे रजिस्टर्ड नाही त्यामुळे आम्ही त्याच्यावर कारवाई करू शकत नाही. अरे, रजिस्टर्ड नाही हीच तर तक्रार आहे! म्हणजे लायसन्स घेऊन चोरी करणाऱ्याला धरणार आणि बिनलायसन्सवाला मोकळा? म्हणे पोलिसांना पत्र पाठवतो. पत्र बहुतेक चालत निघालंय.

पैसे जाऊन काही तासच झाले असतील तर इथे तिथे न फिरता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा, समोरच्या खात्यातली रक्कम तेवढ्यातच गोठवता आली तर परत मिळते, माझी वेळ कधीच निघून गेली होती. अर्ज देताना "फसवणूक, भारतीय न्याय संहिता ३१८" आणि "विनापरवाना भरती, एमिग्रेशन ॲक्ट १९८३" असं स्वतः लिहून न्या, नुसतं "पैसे बुडाले" लिहिलंत की ते दिवाणीच करून टाकतात. दुबईत अडकलेला कोणी असेल तर भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, फोन फुकट लागतो. आणि तिथे नोकऱ्या नाहीत असं माझं म्हणणं अजिबात नाही, माझ्या बॅचचा एक मित्र करिअर पेजवरून अर्ज करून गेला, एक रुपया दिला नाही, तिकीटसुद्धा हॉटेलने पाठवलं.

तो कराडवाला अजून चालू आहे. ऑफिस बदललंय, नाव बदललंय, स्लाईड त्याच आहेत, यावेळी जाहिरातीत ८० जागा लिहिल्यात. देरातल्या त्या खोलीत माझ्याबरोबर होते त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर पावत्या फेकू नका, त्या बाईच्या खात्यात केलेल्या ट्रान्सफरचं स्टेटमेंट बँकेकडून शिक्क्यासकट काढून ठेवा. एकट्याचा अर्ज ते फाईलला लावून ठेवतात, आठ जण एकाच दिवशी जाऊन उभे राहिलो तर दिवाणी मॅटर कसं म्हणतात ते बघू.