मार्लबरो की वेलिंग्टन : एका दिवसात कोणतं घराणं बघावं?

लंडनमध्ये एक दिवस मोकळा आहे आणि इंग्रजांची वंशपरंपरागत सरदारकी जवळून बघायची आहे, तर दोन ठिकाणं डोळ्यांसमोर येतात. ऑक्सफर्डजवळ वुडस्टॉकचा ब्लेनिम पॅलेस हे मार्लबरोंचं घर. लंडनातच, हाइड पार्क कॉर्नरला, वेलिंग्टनचं ॲप्स्ली हाउस.

दोन्ही घराण्यांचे मूळ पुरुष सेनापती, दोघांनीही फ्रेंचांना हरवलं. जॉन चर्चिल १७०२ मध्ये मार्लबरोचा ड्यूक, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा सरदार, झाला, आर्थर वेलस्ली १८१४ मध्ये वेलिंग्टनचा. जहागिरीचा खंड म्हणून दोन्ही घराणी आजही दरवर्षी विंडसरला एकेक फ्रेंच निशाण पोचवतात.

वारसाहक्काची गंमत मात्र मार्लबरोंकडे जास्त. चर्चिलचा मुलगा १७०३ मध्येच गेला. मग पार्लमेंटने १७०६ मध्ये खास कायदा करून किताब मुलींकडे जाऊ दिला, आणि १७२२ मध्ये थोरली हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. इथे मराठी माणसाला सातारा आठवणारच. दत्तक नामंजूर करून ते राज्य खालसा करणारा डलहौसी १८६० मध्ये वारला, तेव्हा मुलगा नव्हता म्हणून त्याची मार्क्विसकीही (ड्यूकच्या खालोखालचा किताब) तिथेच संपली!

वेलिंग्टनकडे मुलींना वाव नाही. सहावा ड्यूक १९४३ मध्ये इटलीत लढताना पडला तेव्हा इंग्लिश किताब काकांकडे गेला, पण सियुदाद रोद्रिगोचा स्पॅनिश किताब त्याच्या बहिणीला मिळाला. घर एक, कायदे दोन.

तरीही माझं मत ॲप्स्ली हाउसला. ब्लेनिम भव्य आहे, विन्स्टन चर्चिल तिथेच जन्मला, पण जाण्यायेण्यात दिवस मोडतो. शिवाय वेलिंग्टनच्या गोष्टीत आपण आहोत. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला पहिल्या वेलिंग्टनने, म्हणजे वेलस्लीने, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेला हरवलं. त्याबद्दल मिळाली ती नुसती नाइटहूड, मुलाकडे न जाणारी. त्याच युद्धात लासवारीला शिंद्यांच्याच फौजेशी लढलेला इंग्रज सेनापती जनरल लेक मात्र १८०४ मध्ये थेट वंशपरंपरागत बॅरन झाला. वेलस्लीला पहिला वंशपरंपरागत किताब मिळायला १८०९ उजाडलं, तोही स्पेनमधल्या तालावेराबद्दल. म्हातारपणी मात्र तो आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घ्यायचा.

घरात शिरल्यावर जिन्यापाशी नेपोलियनचा भलामोठा विवस्त्र पुतळा उभा आहे. फोटोसाठी सगळे तिथेच थांबतात. तुम्ही पुढे जाऊन ‘डेक्कन सर्व्हिस’ शोधा : दख्खनच्या मोहिमेतल्या अधिकाऱ्यांनी त्याला दिलेली चांदीची, सोन्याचा मुलामा चढवलेली भांडी. घर रोज उघडं नसतं, वार आधी बघून घ्या.