रविवर्मांच्या 'देअर कम्स पापा'ची कॅनव्हास प्रिंट: रंग झकास, कडांनी घात केला

सिडकोतल्या आमच्या हॉलसाठी ही प्रिंट ऑनलाइन मागवली. साइज १६ बाय २४ इंच, लाकडी चौकटीवर ताणूनच येते. रंगांना पैकीच्या पैकी. माझं रोजचं काम येवल्याच्या पैठण्या विकण्याचं, त्यामुळे नजर आधी काठावर जाते. चित्रातल्या बाईच्या पांढऱ्या नेसणाच्या चुण्या एकेक मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ आल्यात. ओल्या फडक्यानं कोपरा घासून बघितला, शाई सुटली नाही.

घोळ कडांचा. चारी बाजूंनी दीड-दीड इंच चित्र मागे दुमडलेलं. चित्रातला कुत्रा अर्धा चौकटीच्या जाडीवर गेला आणि डावीकडची मोकळी जागा गायब. इतर चित्रात हे खपलं असतं, इथे नाही. १८९३ सालच्या या चित्रात कडेवर मूल घेतलेली बाई आहे रविवर्मांची मुलगी महाप्रभा. ती डावीकडे बघतेय, कारण मुलाचा बाप तिकडून येतोय. तो चित्रात नाहीच! ती जागा कापली की बाई नुसती भिंतीकडे बघत उभी राहते.

महाप्रभाचं केरळातल्या मावेलिक्कराचं घराणं मातृवंशीय. मुलं आईच्या कुळाची, वारसा मामाकडून भाच्याला. मग सगळं चित्र बापाची वाट का बघतंय? काही अभ्यासकांना यात ती जुनी पद्धत मोडकळीला येताना दिसते. आमच्या सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "माहेरपणाला आलेली लेक आहे गं, जावई न्यायला आलेत." मला हेच जास्त पटतं. बाई पुढे धावत नाही, स्वतःच्या घरात ऐटीत उभी आहे. पाहुणा असलाच तर तो बाहेरचा. शिवाय चित्र काढणारा तिचाच बाप, म्हणजे घरात एक 'पापा' आधीच हजर!

विक्रेत्यानं माहितीत 'पारंपरिक मराठी स्त्री' असं लिहिलंय. नेसण बघा की राव, ही नऊवारी आहे का? आमचे त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके रविवर्मांच्या छापखान्यात काम करून आले, हा आपला एक संबंध, पण म्हणून ही बाई मराठी होत नाही.

तक्रार केली तर उत्तर आलं, "डिझाइन असंच आहे." शेवटी मेन रोडजवळच्या फ्रेमवाल्या काकांकडे नेली. त्यांनी मागच्या पिना उपटल्या, कॅनव्हास सपाट करून बोर्डावर चिकटवला आणि सागाची बारीक पट्टी लावली. ४५० रुपये घेतले. दुमडीची रेघ जवळून दिसते, पण कुत्रा पूर्ण आला.

मागवणार असाल तर ताणलेली नको, गुंडाळी मागवा, स्वस्तही पडते. फ्रेम इथेच करून घ्या. पाचपैकी तीन स्टार. एक कडांसाठी कापला, एक त्या 'मराठी स्त्री'साठी.