जागलीवर आठ महिने कॅनिस्टरची शेगडी: काय टिकलं, काय गेलं आणि का

रोही (नीलगायी) आणि रानडुकरांपायी सोयाबीन उगवल्यापासून तूर निघेपर्यंत वावरातली जागल, म्हणजे रात्रीची राखण, सुटत नाही. हा अनुभव त्या जागलीवरचा आहे. शेगडी कॅनिस्टरच्या, म्हणजे गॅसच्या छोट्या डब्याच्या, डोक्यावर आट्यांनी बसणारी, तीन घडीच्या पायांची, मुठीत मावेल एवढी. काळ जून ते जानेवारी. रोज रात्री दोनदा लिटर-लिटर चहा आणि एकदा खिचडी. अशा दोन शेगड्या आळीपाळीने चालल्या. ट्रेकवाला माणूस वर्षभरात जेवढी शेगडी पेटवतो, तेवढी ती इथे महिन्याभरात पेटते. त्यामुळे खोक्यावरच्या तारीफीपेक्षा तिचे सांधे किती दिवस टिकतात हे जास्त महत्त्वाचं.

आधी खर्च. वारा नसेल तर एक लिटर पाणी उकळायला १३ ते १५ ग्रॅम गॅस लागतो. खिचडीला ४० ते ४५. म्हणजे रात्रीचे ६६ ते ७५ ग्रॅम, आणि २३० ग्रॅमचा कॅनिस्टर जेमतेम तीन रात्री. वारा सुटला की हा हिशेब कोलमडतो, कधी दुप्पट गॅस जातो. नवा कॅनिस्टर आणला की किराणा काट्यावर तोलून त्याचं वजन मार्करने त्याच्यावरच लिहावं. उरलेला गॅस कळायला याहून सोपी रीत नाही.

सगळ्यात आधी गेला तो ठिणगीचा खटका. पावसाळ्यातल्या दमट हवेत दुसऱ्या महिन्यातच तो मुका झाला. दोष बहुतेक वेळा आतल्या पिझोचा, म्हणजे दाबल्यावर ठिणगी तयार करणाऱ्या भागाचा, नसतो. ठिणगीची तार वाकते आणि ठिणगी बर्नरऐवजी जवळच्या पायावर पडते, नाहीतर तारेभोवतीची पांढरी चिनी माती तडकते. तारेचं टोक आणि बर्नर यांत ३ ते ५ मिलिमीटर अंतर ठेवलं की पुष्कळदा खटका परत चालतो. तरी लायटर आणि पन्नीत बांधलेली माचिस सोबत हवीच. ही बिघाडाची गोष्ट मी मोठी मानत नाही.

मोठी गोष्ट आहे ती आट्यांच्या आतल्या काळ्या रबरी रिंगची, म्हणजे ओ-रिंगची. गॅस अडवण्याचं काम ती करते, आटे फक्त धरून ठेवतात. म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप, ग्रीस किंवा मोबिल ऑइल लावण्यात काही अर्थ नाही. सकाळी शेगडी काढून घरी न्यायची आणि संध्याकाळी पुन्हा बसवायची, म्हणजे आठ महिन्यांत दोन्ही शेगड्या मिळून अडीचशेच्या आसपास वेळा ही रिंग दाबली जाते. वर काळ्या मातीचा फुफाटा तिच्यावर बसतो आणि पॉलिश पेपरासारखा घासत राहतो. रिंग चपटी होते, मग तिला बारीक चिरा पडतात. दर पंधरा दिवसांनी उजेडात बघावी. गोलाई गेली असेल तर बदलावी, अजून गळत नाही म्हणून थांबू नये. नवी रिंग पंपाचे आणि हायड्रॉलिकचे सील विकणाऱ्या दुकानात मिळते, पण जुनी सोबत नेऊन मापाने घ्यावी आणि नायट्राइल रबराचीच मागावी. सिलिकॉनमधून गॅस झिरपतो आणि ईपीडीएम रबर या गॅसने फुगतं. बसवताना रिंग टेकल्याचं हाताला जाणवलं की आणखी पाव फेरा, बस. पकड लावून आवळली की रिंग कापली जाते.

नवा कॅनिस्टर लावला की दरवेळी भांड्याच्या साबणाचं पाणी सांध्यावर आणि नॉबच्या दांडीवर सोडावं. बुडबुडा आला तर पेटवू नये. शेगडी काढताना सेकंदभर ‘फुस्स’ होणं ठीक आहे. फुसफुस चालूच राहिली तर कॅनिस्टरच्या व्हॉल्व्हची पिन आत अडकली आहे, बहुधा मातीच्या कणाने. शेगडी लगेच परत बसवावी, सांधा साबणाच्या पाण्याने तपासावा आणि बुडबुडा आला नाही तर उघड्यावर तेवढा गॅस जाळून संपवावा. गळतच असेल तर कॅनिस्टर आगीपासून दूर मोकळ्या वावरात सोडून द्यावा. व्हॉल्व्हमध्ये माती जाऊ नये म्हणूनच कॅनिस्टरचं प्लास्टिकचं टोपण फेकू नका.

कपाशीच्या वावरात ऑक्टोबरपासून वेगळाच त्रास सुरू होतो. बोंडं फुटली की कापसाचे तंतू उडतात आणि बर्नरखालच्या हवेच्या छिद्रांत अडकतात. हवा कमी पडली की निळी ज्योत पिवळी होते, गंज (पातेलं) काळा पडतो आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. छिद्रं जुन्या टूथब्रशने रोज झाडावीत. खोपटाला चारी बाजूंनी ताडपत्री लावून आत शेगडी पेटवूच नये, ज्योत निळी असली तरी.

ज्योत निळीच आहे पण कॅनिस्टर भरलेला असूनही बारीक झाली, तर जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारा पितळी तुकडा, तुंबलंय. त्याचं भोक साधारण ०.३ मिलिमीटरचं असतं आणि गॅसमधला तेलकट अंश त्यात साचतो. कॅनिस्टर काढून शेगडी थंड करावी, बर्नरचं डोकं उघडावं, जेट पान्याने सोडवावं, कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये अर्धा तास ठेवावं आणि ज्या तोंडातून गॅस बाहेर पडतो त्या तोंडाकडून सायकलच्या पंपाने उलटी हवा मारावी. सुई घालू नका. पितळ मऊ असतं, भोक केसभर मोठं झालं तरी ज्योत कायमची बिघडते. घरच्या शेगडीचं जेट इथे चालत नाही, कारण तिकडे रेग्युलेटर दाब अगदी कमी करून देतो आणि इथे कॅनिस्टरचा पुरा दाब जेटवर येतो.

डिसेंबर-जानेवारीत पारा ८-१० अंशांवर उतरला की ‘गॅस संपला’ म्हणून अर्धे भरलेले कॅनिस्टर फेकले जातात. लांब डब्यातला स्वस्त गॅस बहुतेक ब्युटेन असतो. तो शून्याच्या जरासा खाली उकळतो, आणि जळताना डबा स्वतःच गार होत जातो, त्यामुळे दाबच उरत नाही. आयसोब्युटेन उणे १२ अंशांच्या आसपास आणि प्रोपेन उणे ४२ला उकळतं, म्हणून मिश्र गॅसचे कॅनिस्टर पहाटेही चालतात. ब्युटेनच असेल तर डबा ताटलीतल्या कोमट पाण्यात ठेवावा. पाणी हाताला सहज सोसेल इतकंच, त्याहून गरम नाही. लांब डबा अडॅप्टरवर आडवा लावत असाल तर त्याच्या कड्याची खाच वर हवी. ती खाली गेली की पातळ गॅस बर्नरपर्यंत येतो आणि हातभर भडका उडतो.

पायांबद्दल मात्र तक्रार आहे. दोन लिटरच्या वर भरलेला गंज त्यांना झेपत नाही. तापून लाल झालेले पाय चौथ्या महिन्यात खाली झुकले आणि रिवेट ढिले पडले. रुंद तवा तर ठेवूच नये. तो उष्णता खाली कॅनिस्टरवर परतवतो. भाकरी तीन दगडांच्या चुलीवर तुराट्यांवरच करावी, चुलीभोवतीचा पालापाचोळा साफ करून. वाऱ्यासाठी विटांचा आडोसा एकाच बाजूला ठेवावा, गोल कोट बांधू नये. मधूनमधून कॅनिस्टरला हात लावावा. चटका बसला की शेगडी बंद. कॅनिस्टरवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते, आणि मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये किंवा उन्हातल्या गाडीत ती सहज ओलांडली जाते.

नॉब जोर लावून बंद करायची सवय घातक आहे. आतल्या सुईची बैठक खरवडली जाते आणि मग ज्योत पुरती विझत नाही. एक शेगडी अशीच गेली. तिला घरगुती दुरुस्ती नाही, ती मोडीत टाकावी.

घरच्या सिलिंडरमधून हे डबे भरून देणारे गावोगाव भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका. घरच्या गॅसमध्ये प्रोपेन असतं, त्याचा दाब ब्युटेनच्या पातळ डब्यासाठी नाही. आणि काठोकाठ भरलेल्या डब्यात पातळ गॅसला उन्हात फुगायला जागा उरत नाही.

पुढच्या हंगामाला पाइपवाली शेगडी घेणार आहे, कॅनिस्टर हातभर बाजूला राहतो ती. तिचे पाय जमिनीवर पसरतात, गंज हलत नाही आणि डब्याला आच लागत नाही. जागा पक्की असेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडरच बरा. रिकामे डबे मात्र पऱ्हाटीच्या ढिगात टाकू नका. धुरे पेटवताना त्यातला उरलासुरला गॅस फुटतो.