जोडकॉइल, तंबाखूची धुरी आणि बंद पडलेली बॅट : अंगणातले आठ महिने

डास मारायची बॅट चौथ्या महिन्यात गेली. दुकानदार म्हणाला, "काका, बॅटरीला वॉरंटी नसते." मग कशाला असते विचारलं, तर म्हणे जाळीला. जाळीला काय धाड भरणार आहे! पावती दाखवली, आवाज चढवला, साडेतीनशे रुपये गेले ते गेलेच. त्या रागातच लिहायला बसलोय, पण माझं खरं भांडण बॅटशी नाही, कॉइलशी आहे.

आमचं घर कागल-निपाणी पट्ट्यात. डावीकडे गोठा, मागे ओढा. दिवेलागणीला अंगणात खुर्ची टाकून बसायची सवय चाळीस वर्षांची आहे. "आत बसा की" म्हणणाऱ्यांनी पुढे वाचू नये.

सुरुवात जूनमध्ये फुकटच्या मालापासून केली. आमच्याकडे विडीच्या तंबाखूला तोटा नाही, शेजारच्या शेडमध्ये गेल्या हंगामातल्या काड्या पडून होत्या. जुन्या घमेल्यात गोवरी पेटवायची, वर कडुनिंबाचा ओला पाला, त्यावर मूठभर काड्या. वडील मिरचीवर मावा पडला की तंबाखूचं पाणी मारायचे, त्यामुळे माझा विश्वास पक्का होता. निकोटिन किड्यांना मारतंच, ते खोटं नाही. पहिला आठवडा सोन्यासारखा गेला. धूर दाट असेपर्यंत एक डास फिरकला नाही, म्हशीनंही शेपटी आपटायची थांबवली. भेटेल त्याला सांगत सुटलो की पाच पैसे खर्च नाही.

ते बोलणं आता मागे घेतो. वारा फिरला की धूर ओढ्याकडे आणि डास माझ्याकडे. म्हणून मी खुर्ची धुराच्या मागे मागे सरकवायचो. एका संध्याकाळी ताडपत्रीखालच्या ओलसर काड्या उघड्या हातानं निवडल्या आणि वर तासभर त्या धुरात बसलो. डोकं गरगरलं, दरदरून घाम फुटला, ओकारी झाली. तंबाखू कधी तोंडात न टाकणाऱ्या माणसाला तंबाखू लागली! निकोटिन ओल्या कातडीतूनही आत जातं, तोडणीच्या बायकांना हे माझ्या आधीपासून ठाऊक आहे. त्यातून नातू खोकायला लागला, आणि हिनं घमेलं उचलून थेट उकिरड्यावर नेऊन उपडं केलं.

मग कॉइल. दहांचं पाकीट. दोन-दोन एकमेकांत अडकवलेल्या, हे सगळ्यांना माहीत आहेच. त्या न मोडता सोडवून दाखवा. मी आठ महिन्यांत हिशेब ठेवलाय : पाकिटामागे सरासरी तीन मोडतात. मधल्या टोकाशी, जिथे पत्र्याच्या स्टँडची जीभ घालायची, बरोब्बर तिथेच. मग तो तुकडा स्टँडवर बसत नाही, आणि फेकायला जीव होत नाही. मी बटाट्याच्या फोडीत खोचून पाहिले, वाळूत उभे केले, चिमट्यात धरून विटेवर ठेवले. विटेला टेकला की विझतो. ओल्या हवेत तर कॉइल वाकते, मोडतच नाही, नुसती चिरते, आणि पेटवल्यावर अर्ध्या तासात चिरेपाशी गळून पडते. म्हणतात की 1895 साली जपानमध्ये डासांची उदबत्ती करणाऱ्या उएयामांच्या बायकोनं वेटोळं घातलेला साप पाहून नवऱ्याला ही कल्पना दिली. आधी सरळ कांड्या असायच्या, त्या चाळीसेक मिनिटांत संपायच्या. वेटोळ्यानं रात्र निघते हे कबूल. पण बाई, दोन साप एकात एक कशाला?

बाकी कॉइल काम करते. वारा नसेल तर खुर्चीखाली ठेवलेली एक पुरते, वारा असेल तर दोन लावूनही पिंडऱ्या फोडून काढतात. सुनेनं मात्र एक दिवस वाचून दाखवलं की 2003 सालच्या एका अभ्यासात एका कॉइलमधून 75 ते 137 सिगरेटींइतके बारीक कण निघाले होते. म्हणजे तंबाखू टाकून मी काय कमावलं? तेव्हापासून कॉइल वाऱ्याच्या बाजूला आणि माझ्यापासून चार हात लांब.

अंगाला लावायचं मलम चांगलं, फक्त घामानं उतरतं आणि मी पायाच्या घोट्यांना विसरतो. डास तिथेच येतात. निळ्या दिव्याच्या सापळ्यात पाकोळ्या आणि पावसाळी किडे मरतात, डास माझ्याकडे बघत बसतात. आवाजानं डास पळवणारं यंत्र जावयानं आणलंय, ते मोबाईल चार्जरशेजारी शोभेला लावलंय.

सप्टेंबरात आशाताई आल्या. धुराची सगळी माहिती ऐकून घेतली आणि मागच्या बाजूला जाऊन न्हाणीजवळच्या पिंपावर बॅटरी मारली. पाणी वळवळत होतं. "काका, तुम्ही यांना बाहेरून हाकलताय आणि घरात पाळताय." अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा माझी धुरी थंड असायची. आता पिंप दर रविवारी रिकामं करून घासतो, म्हशीच्या हौदात गप्पी मासे सोडलेत. फरक पडला, आणि धुरापेक्षा जास्त पडला.

तरी ओढा काही मी घासू शकत नाही. त्यावर उपाय सापडला तो माळ्यावरचा जुना टेबलफॅन. जाळी गंजलेली, मान फिरत नाही. सरळ पायांवर लावला. डास उडण्यात कच्चा असतो, त्या झोतात टिकत नाही, आणि आपल्या श्वासाचा वास धरून तो येतो तो वासही उधळला जातो. पन्नास वॉटचा पंखा रोज तीन तास, म्हणजे महिन्याला साडेचार युनिट. इतकं स्वस्त आणि बिनधुराचं काही असेल असं वाटलं नव्हतं. हे जूनमध्ये सुचलं असतं तर बॅटचे साडेतीनशे वाचले असते.

पण लाईट जाते, आणि आमच्याकडे ती नेमकी साडेसातला जाते. तेव्हा पुन्हा कॉइल. परवा अंधारात जोडी सोडवायला गेलो, कट्‌कन मोडली. हिनं हातातून पाकीट घेतलं, दुसरी जोडी मधोमध दोन्ही अंगठ्यांनी अलगद दाबली, दोन्ही कॉइल अखंड. कसं केलं विचारलं तर म्हणते, "तुम्ही ओढता, म्हणून मोडतात." आता नवं पाकीट आणलं की आधी हिच्याकडे देतो.