टिग वेल्डिंगआधी सफाई कशाने करावी: फ्लॅप डिस्क, वायर ब्रश की ॲसिटोन?

स्टिक वेल्डिंगमध्ये रॉडवरचा फ्लक्स थोडीफार घाण स्लॅगमध्ये ओढून घेतो. टिगमध्ये, म्हणजे टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने आर्गॉन वायूच्या आवरणात केलेल्या वेल्डिंगमध्ये, ती सोय नाही. आर्गॉन फक्त हवा अडवतो. जॉबवरचं तेल, गंज, खपली (लोखंड गरम लाटताना बसलेला ऑक्साइडचा थर) सगळं थेट पुडलमध्ये, म्हणजे वितळलेल्या धातूच्या थारोळ्यात उतरतं. त्यामुळे हातात कोणतं साधन घ्यायचं हे धातू बघूनच ठरवावं लागतं.

माइल्ड स्टीलच्या (साध्या लोखंडाच्या) हॉट रोल्ड, म्हणजे गरम लाटलेल्या पट्टीला फ्लॅप डिस्कच हवी, म्हणजे ग्राइंडरला लावायची पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती. तिच्यावरची निळसर-काळी खपली वायर ब्रशला दाद देत नाही. उलट ब्रशने ती चकाकते आणि निघाली असं वाटतं. 60 किंवा 80 ग्रिटची डिस्क जोडाच्या दोन्ही बाजूंना साधारण 25 मिमी फिरवा, पांढरं लखलखीत लोखंड दिसेपर्यंत. पट्टीची मागची बाजू विसरू नका. कोल्ड रोल्ड (थंड लाटलेल्या) पत्र्यावर खपली नसते, बहुतेक वेळा नुसतं तेल असतं. तिथे ॲसिटोनने भागतं.

स्टेनलेसला डिस्क आणि ब्रश दोन्ही चालतात, पण साध्या लोखंडाला एकदाही न लागलेले. लोखंडाचे कण पृष्ठभागात रुतले की पुढे तिथेच गंजाचे ठिपके उठतात.

खरी कसोटी ॲल्युमिनियमची. धातू 660 अंश सेल्सिअसला वितळतो, त्यावरचा ऑक्साइडचा थर मात्र सुमारे 2,070 अंशांना. एसी करंट पातळ थर फोडतो. उघड्यावर पडून जाड झालेला थर फोडायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये. इथे डिस्क मी शेवटचा पर्याय मानतो, कारण मऊ धातू लिंपला जातो आणि अपघर्षकाचे कण आत रुततात. स्टेनलेस तारांचा ब्रश घ्या आणि हलक्या हाताने एकाच दिशेने ओढा.

मात्र आधी ॲसिटोन, मग ब्रश. मी एकदा उलट केलं होतं. ब्रशने तेल ओरखड्यांत भरलं, वरून कितीही पुसलं तरी ते निघालं नाही आणि अख्खा बीड (वेल्डची रेघ) पिनहोलनी, बारीक छिद्रांनी भरला. तेलातला नि ओलाव्यातला हायड्रोजन वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये सहज विरघळतो आणि धातू थिजताना बुडबुडे होऊन अडकतो. तो ब्रशही मग तेलकट झाला, फेकावा लागला. फिलर रॉडसुद्धा (जोडात भर घालायची तार) ॲसिटोनच्या स्वच्छ फडक्यातून ओढून घ्या. फडक्यावर उमटलेली करडी रेघ पाहिलीत की परत कधी हे टाळणार नाही.

ॲसिटोन तेल काढतो, गंज किंवा ऑक्साइड नाही. तो भडकन पेट घेतो, म्हणून पूर्ण सुकू द्या आणि डबा लांब ठेवा. त्याच्याऐवजी क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर कधीच नको: आर्कच्या अतिनील किरणांनी आणि उष्णतेने त्यातून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होऊ शकतो.

नुकतीच सुरुवात करत असाल तर ॲसिटोन, सुती फडकी आणि स्टेनलेसचे दोन ब्रश आधी घ्या. एक स्टेनलेसला, एक ॲल्युमिनियमला; दोन्ही ब्रशच्या मुठींवर धातूचं नाव लिहा. हॉट रोल्डचं काम हातात असेल तर सोबत डिस्क घ्या. साधारण 3 मिमीपर्यंतच्या जाडीला कडा सरळ ठेवूनही जोड भरतो. त्यापुढे दोन्ही कडा तिरक्या घासून मिळून 60 अंशांचा व्ही आकाराचा खाचा काढावा लागतो. तो लोखंडाला ग्राइंडरने काढा, ॲल्युमिनियमला कानशीने.